‘स्यूडोमोनास’ म्हणून आलेला जिवाणू : सोलापुरातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण पंचेचाळिशीतला शेतकरी, सीना नदीकाठच्या एका गावचा. ओळख पटू नये म्हणून काही वैयक्तिक तपशील बदलले आहेत. सहा-सात वर्षांपासून मधुमेह, गोळ्या कधी चालू तर कधी बंद. सप्टेंबरात नदीला पाणी आलं, उसात गाळ साचला, विहिरीवरची मोटार बुडाली. पाणी ओसरल्यावर आठवडाभर हा माणूस अनवाणी त्या गाळात उतरून मोटार आणि पाइप मोकळे करत होता. ही माहिती आमच्या प्रयोगशाळेपर्यंत फार उशिरा आली. केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात नुसतं ‘शेती’ होतं. प्रयोगशाळेत नमुन्याबरोबर आलेल्या चिठ्ठीवर तेवढंही नव्हतं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला ताप सुरू झाला. गावाजवळच्या दवाखान्यात मलेरिया आणि डेंग्यूच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या. टायफॉइडची विडाल तपासणी ‘पॉझिटिव्ह’ आली, आणि विडालबद्दल इथं न बोललेलंच बरं. टायफॉइडची औषधं झाली, ताप तसाच राहिला. मग खोकला आला आणि वजन उतरू लागलं. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग दिसला. थुंकीत क्षयाचे जंतू सापडले नाहीत, सीबीनॅट ही क्षयाची जनुकीय तपासणीही निगेटिव्ह होती, तरी एकेटी, म्हणजे क्षयाची औषधं, सुरू झाली. त्या डॉक्टरांना दोष देणं सोपं आहे. मधुमेह, वरच्या भागातला डाग, उतरलेलं वजन आणि संध्याकाळचा ताप एवढं समोर असताना आपल्याकडे दहातले नऊ डॉक्टर क्षयच म्हणतील, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही ठरतील.

महिनाभर एकेटी घेऊनही ताप उतरेना, तेव्हा घरच्यांनी त्याला सोलापुरात एका खासगी रुग्णालयात आणलं. साखर चारशेच्या घरात होती. सोनोग्राफीत प्लीहेत पुवाच्या बऱ्याच लहान गाठी दिसल्या, एक यकृतातही होती.

अडचण

दाखल होताना रक्त दोन बाटल्यांत कल्चरसाठी (जिवाणू वाढवून पाहण्यासाठी) दुसऱ्या एका प्रयोगशाळेत गेलं होतं. तिथून रिपोर्ट आला : ‘एका बाटलीत स्यूडोमोनास स्पीशीज, बहुधा कंटॅमिनंट.’ कंटॅमिनंट, म्हणजे बाहेरून चुकून आलेला जिवाणू, म्हटल्यावर सेन्सिटिव्हिटी, म्हणजे कोणतं औषध लागू पडतं याची चाचणी, लावलीच गेली नाही. फिजिशियनांनी खबरदारी म्हणून अमिकासिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन सुरू केलं. ताप हलला नाही.

हा पहिला निर्णयाचा टप्पा. कातडीवरचे स्टॅफिलोकॉकस रक्ताच्या बाटलीत चुकून येतात, हे रोजचं आहे. दोनपैकी एकाच बाटलीत ते आले तर शंका घ्यायला जागा असते. पण ग्रॅम-निगेटिव्ह दंडगोलाची (काठीसारख्या आकाराच्या जिवाणूची) शुद्ध वाढ मिळाली आणि रुग्ण महिनाभर तापानं फणफणतो आहे, तर ‘कंटॅमिनंट’ लिहिण्याआधी निदान एक फोन व्हायला हवा. इथं तो झाला नाही. फिजिशियनांचं मात्र त्या एका शब्दानं समाधान झालं नाही. त्यांनी सोनोग्राफीखाली प्लीहेतल्या गाठीतून सुईनं पू काढवला आणि तो आमच्याकडे पाठवला. वरचा इतिहास त्यांनी फोनवर सांगितला. गाळाची गोष्ट तेव्हा त्यांनाही माहीत नव्हती.

टेबलावर काय दिसलं

पुवाच्या स्लाइडवर ग्रॅम रंगक्रियेत पेशी भरपूर होत्या, जिवाणू मात्र तुरळक : बारीक, गुलाबी, ग्रॅम-निगेटिव्ह दंडगोल. हान्स क्रिश्चन ग्रॅमनं ही पद्धत 1884 मध्ये मांडली आणि अजूनही पहिली विभागणी तिनंच होते. ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंची पेप्टिडोग्लायकनची भिंत जाड असते, त्यामुळे जांभळा रंग अल्कोहोलनं धुतला तरी टिकतो. ग्रॅम-निगेटिव्हची भिंत पातळ असते, तिच्याबाहेर लिपोपॉलिसॅकराइडचं आणखी एक आवरण असतं, आणि जांभळा रंग निघून जातो. हे बाहेरचं आवरण पुढे या प्रकरणात महत्त्वाचं ठरलं.

काही दंडगोलांची दोन्ही टोकं गडद आणि मधला भाग फिका होता. याला सेफ्टी पिनसारखं दिसणं म्हणतात. पुस्तकात ते ठळक छापलेलं असतं, पण प्रत्यक्षात त्यावर फार विसंबू नये. प्लेगचा जंतू तसा दिसतो, आणि कधीकधी साधा क्लेबसिएलाही. आम्ही नोंद केली आणि पुढे गेलो.

दुसऱ्या दिवशी ब्लड अगार या वाढीच्या माध्यमावर बारीक, गुळगुळीत, साईच्या रंगाच्या कॉलनी आल्या. मॅकॉन्की या दुसऱ्या माध्यमावर त्या रंगहीन होत्या, म्हणजे लॅक्टोज आंबवणारा जिवाणू नव्हता. ऑक्सिडेज या विकराची चाचणी पॉझिटिव्ह. ट्रिपल शुगर आयर्नच्या नळीत आम्ल तयार झालं नाही. जिवाणू हालचाल करणारा होता. इथपर्यंतची माहिती कुठल्याही प्रयोगशाळेत मिळते, आणि ‘नॉन-फर्मेंटर (साखर न आंबवणारा), स्यूडोमोनास स्पीशीज’ हा शिक्का मारण्याची सवय इथंच आडवी येते. स्यूडोमोनास एरुजिनोझाचा हिरवट रंग नव्हता, हे एक खटकलं. पण रंग न देणारे एरुजिनोझाही असतात.

खरी अडचण डिस्कच्या, म्हणजे औषध भरलेल्या कागदी चकत्यांच्या, प्लेटवर दिसली. जेंटामायसिनच्या डिस्कभोवती वाढ अगदी कडेपर्यंत आली होती. कोलिस्टिनची डिस्कही तशीच निरुपयोगी. आणि को-अमॉक्सिक्लॅवभोवती स्वच्छ, रुंद वर्तुळ.

एरुजिनोझाचं वागणं साधारण याच्या उलट असतं. त्याच्या जनुकांत अँपसी नावाचं बीटा-लॅक्टमेज (पेनिसिलिनसारखी औषधं तोडणारं विकर) असतं आणि को-अमॉक्सिक्लॅवमधलं क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल त्याला अडवू शकत नाही, म्हणून हे औषध एरुजिनोझावर मुळातच चालत नाही. कोलिस्टिन मात्र बहुधा चालतं. समोरचा जिवाणू जेंटामायसिन आणि कोलिस्टिनला दाद देत नव्हता आणि को-अमॉक्सिक्लॅवपुढे मरत होता. तंत्रज्ञाला वाटलं डिस्कांची अदलाबदल झाली. पुन्हा लावल्या, निकाल तोच.

यंत्राचं उत्तर

स्वयंचलित ओळख-यंत्रात कार्ड घातलं, तर त्यानं ठाम आत्मविश्वासानं सांगितलं : बर्कहोल्डेरिया सेपॅशिया. हा दुसरा निर्णयाचा टप्पा.

यंत्राचं उत्तर छापून पाठवलं असतं तर कुणी हरकत घेतली नसती. पण सेपॅशिया हा मुख्यतः रुग्णालयातला जिवाणू. सलाइन, नळ्या, दूषित अँटिसेप्टिक द्रावणं ही त्याची नेहमीची ठिकाणं. या माणसाला ताप सुरू झाला तेव्हा तो रुग्णालयात नव्हता. शिवाय सेपॅशिया बहुधा को-अमॉक्सिक्लॅवला दाद देत नाही. यंत्र आपल्या संचातल्या नावांमधूनच सर्वांत जवळचं नाव निवडतं. या घराण्यातला एक भाऊ यंत्राला नीट ओळखता येत नाही आणि तो सेपॅशियाच्या नावाखाली निघून जातो, हे प्रयोगशाळेच्या जगात बऱ्यापैकी माहीत आहे. तो भाऊ म्हणजे बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅली, मेलिऑयडोसिस या रोगाचा जिवाणू.

आता फिजिशियनांना फोन करून एकच गोष्ट विचारली : हा माणूस आजारी पडण्याआधी चिखलात, साचलेल्या पाण्यात उतरला होता का? त्यांनी खाटेपाशी जाऊन विचारलं. रुग्णाच्या बायकोनं उत्तर दिलं, “पूर आल्यापासनं चिखलातच की ओ साहेब. मोटार काढायला दुसरं कोण हाय?”

हा जिवाणू कोण

रंगूनमध्ये 1911 साली व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांनी तो प्रथम ओळखला आणि पुढच्या वर्षी त्याबद्दल लिहिलं. घोड्यांच्या ग्लँडर्स रोगासारख्या गाठी माणसात दिसत होत्या, पण जिवाणू हालचाल करत होता. ग्लँडर्सचा जिवाणू हालत नाही. त्यानंतर हा जिवाणू कितीतरी वर्षं स्यूडोमोनास या प्रजातीतच मोजला गेला. 1992 मध्ये बर्कहोल्डेरिया ही वेगळी प्रजाती झाली. जुन्या पिढीचा ‘स्यूडोमोनास’ म्हणण्याचा हात अजून सुटत नाही, त्यामागे हाही इतिहास आहे.

तो माती आणि साचलेल्या पाण्यात राहतो आणि कातडीवरच्या बारीक जखमांतून, श्वासातून किंवा पाण्यातून शरीरात जातो. मधुमेह हा सर्वांत मोठा धोका, निम्म्याहून अधिक रुग्णांना तो असतो. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगात वर्षाला सुमारे 1,65,000 लोकांना हा रोग होतो आणि 89,000 दगावतात. आपल्याकडे वेल्लोर आणि मणिपाल इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी त्यावर बरंच काम केलं आहे, त्यामुळे तो किनारपट्टीचा, भातशेतीचा आजार अशी समजूत पक्की झाली. सोलापूर म्हणजे दुष्काळी जिल्हा, मालदांडी ज्वारीचा मुलूख. इथं हा विचार कुणाच्या डोक्यात येत नाही. पण उजनीच्या कालव्यांनी आणि उसानं जिल्ह्यातली बरीच काळी जमीन आता वर्षातले अनेक महिने ओली असते.

जनुकीय बाजूही वेगळी आहे. ई. कोलायच्या प्रयोगशाळेतल्या के-12 वाणात एकच गुणसूत्र असतं, सुमारे 46 लाख अक्षरांचं. स्यूडोमॅलीत दोन असतात : एक सुमारे 40.7 लाखांचं, दुसरं सुमारे 31.7 लाखांचं. 2004 मध्ये या जनुकसंचाचं पूर्ण वाचन प्रसिद्ध झालं. पहिल्या गुणसूत्रावर मुख्यतः वाढीची आणि रोजच्या चयापचयाची कामं, दुसऱ्यावर वेगवेगळ्या परिस्थितीत तग धरण्याची. मातीत एवढा टिकाव का लागतो, याचं बरंचसं उत्तर त्यात आहे.

आमच्या डिस्कचं कोडंही तिथंच सुटतं. जेंटामायसिन आत शिरलं की पेशीच्या आवरणातला एक पंप ते बाहेर फेकतो. कोलिस्टिन बाहेरच्या लिपोपॉलिसॅकराइडला त्याच्या ऋण भारामुळे चिकटतं, पण या जिवाणूनं त्या थरावर अमिनो-अरॅबिनोज ही साखर बसवून तो भार कमी केलेला असतो. आणि त्याचं स्वतःचं बीटा-लॅक्टमेज, पेनए, हे क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाला बळी पडणाऱ्या गटातलं आहे. तीन डिस्का म्हणजे पेशीच्या तीन वेगवेगळ्या भागांची चौकशी होती.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय, यंत्राचं नाव छापून मोकळं होणं. दुसरा, पक्की खात्री होईपर्यंत रिपोर्ट थांबवणं. तिसरा, ‘संशयित’ म्हणून तोंडी आणि लेखी कळवणं, उपचार त्याच दिवशी सुरू होऊ देणं आणि खात्री मागाहून करणं. दुसरा पर्याय शास्त्राच्या दृष्टीनं सर्वांत नेटका वाटतो, म्हणूनच तो धोक्याचा. या रोगात अडलेला दिवस महाग पडतो. आम्ही तिसरा घेतला. रिपोर्टवर स्पष्ट लिहिलं की को-अमॉक्सिक्लॅवचा निकाल ओळखीसाठी आहे, पहिल्या टप्प्यातला इलाज म्हणून नाही.

खात्री कशी करायची यावर थोडी चर्चा झाली. एकानं 16एस आरआरएनए जनुकाचं वाचन सुचवलं. साधारण 1,500 अक्षरांचं हे जनुक जिवाणूंच्या ओळखीसाठी सगळीकडे वापरतात आणि बऱ्याच वेळा पुरतंही. पण स्यूडोमॅली, ग्लँडर्सचा मॅली आणि सहसा रोग न करणारा थायलँडेन्सिस या तिघांत ते जवळपास सारखंच आहे. पैसे आणि आठवडा जाऊन ‘यांपैकी कुणीतरी’ एवढंच कळलं असतं. त्याऐवजी टाइप थ्री स्राव-यंत्रणेच्या पहिल्या संचातल्या टीटीएस1 जनुकाचं पीसीआर निवडलं. ते फक्त स्यूडोमॅलीसाठी आहे.

मग प्रश्न आला पाठवायचं काय. या जिवाणूचं जिवंत कल्चर नेण्याचे नियम कडक आहेत, आणि ते योग्यच आहे. आम्ही कॉलनी पाण्यात मिसळून उकळली, सेंट्रिफ्यूज केली, वरचा डीएनए असलेला द्रव घेतला. त्यातला थेंब ब्लड अगारवर टाकून काही उगवत नाही याची खात्री केली आणि मगच तो दक्षिणेतल्या एका संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवला.

प्रयोगशाळेतल्या माणसांचं काय

संशय येईपर्यंत त्या प्लेट नेहमीच्या टेबलावर उघडल्या गेल्या होत्या. एका तंत्रज्ञानं मातकट वास येतो का, म्हणून एक प्लेट नाकाशीही धरली होती. ही जुनी सवय अनेक ठिकाणी अजून आहे. अनुभवी माणसं वासावरून जिवाणू सांगतात आणि शिकाऊ मुलं त्याचं कौतुक करतात. संशयाचं नाव पुढे आल्याक्षणी सगळं काम सुरक्षा कॅबिनेटमध्ये हलवलं आणि प्लेट टेपनं बंद केल्या.

झाकण उघडणं आणि वास घेणं हे मार्गदर्शक सूचनांनुसार कमी धोक्याचे प्रसंग मानले जातात. निरोगी माणसाला 21 दिवस लक्ष ठेवणं, ताप आला तर लगेच सांगणं एवढं पुरतं. पण वास घेणाऱ्या तंत्रज्ञालाच मधुमेह होता. त्यामुळे सल्फाची अ‍ॅलर्जी नाही हे विचारून त्यांना 21 दिवस को-ट्रायमॉक्सझोल हे सल्फा औषध दिलं. कुणीही आजारी पडलं नाही.

उपचार आणि दोन कसोटीचे क्षण

फिजिशियनांनी त्याच संध्याकाळी अमिकासिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन बंद करून शिरेतून सेफ्टाझिडीम सुरू केलं, दर आठ तासांनी 2 ग्रॅम. मेरोपेनेम हा दुसरा पर्याय होता. रुग्ण शॉकमध्ये नव्हता आणि घरच्यांचा खिसाही पाहायचा होता, म्हणून सेफ्टाझिडीम. किमान मुदत 10 ते 14 दिवस असते, पण पोटात गाठी असतील तर चार आठवडे. इन्सुलिननं साखर आटोक्यात आणली. पीसीआर पॉझिटिव्ह आल्यावर एकेटी थांबवली. थुंकीचं क्षयाचं द्रव कल्चर 42 दिवसांनी निगेटिव्ह म्हणून बंद झालं, पण तोवर थांबण्याची गरज नव्हती.

पहिला कसोटीचा क्षण सहाव्या दिवशी आला. ताप होताच. नातेवाइकांचा धीर सुटला, पुण्याला हलवण्याचं बोलणं निघालं आणि एका सल्लागारानं औषध बदलायचं सुचवलं. या रोगात योग्य औषध चालू असूनही ताप उतरायला सरासरी नऊ दिवस लागतात. फिजिशियनांनी औषध बदललं नाही, पण हात बांधून बसलेही नाहीत. रक्ताचं कल्चर पुन्हा केलं आणि ओटीपोटाचा सीटी काढला, कारण पुरुषांत प्रोस्टेटमध्ये लपलेली गाठ सहज निसटते. आम्ही सेफ्टाझिडीमची सेन्सिटिव्हिटी पुन्हा तपासली, कारण उपचार चालू असताना पेनए जनुकात बदल होऊन हे औषध निकामी झाल्याची उदाहरणं आहेत. रक्त स्वच्छ, प्रोस्टेट स्वच्छ, औषध लागू. दहाव्या दिवशी ताप उतरला.

दुसरा क्षण आमच्या टेबलावरचा. पुढचे तीन महिने को-ट्रायमॉक्सझोल द्यायचं, तर त्याची डिस्क ‘रेझिस्टंट’ वाचली गेली होती. या औषधाच्या वर्तुळात विरळ धुक्यासारखी वाढ राहते. ती मोजली की वर्तुळ नाहीसं होतं आणि रुग्णाच्या हातून सर्वांत स्वस्त, सर्वांत उपयोगी गोळी निसटते. औषधाचं प्रमाण चढत जाणारी ई-टेस्ट पट्टी लावून, धूसर वाढ सोडून स्पष्ट कड वाचली. औषध लागू होतं.

निष्पत्ती

चार आठवड्यांनी रुग्ण घरी गेला. वजन 54 किलो, म्हणून को-ट्रायमॉक्सझोल डबल स्ट्रेंथच्या दीड-दीड गोळ्या सकाळ-संध्याकाळ. गावच्या मेडिकलवाल्याला हा लिहिण्यातला घोळ वाटला आणि त्यानं एकेक गोळी दिली. पहिल्या तपासणीला गोळ्यांचं पाकीट पाहिलं तेव्हा ते लक्षात आलं. फिजिशियनांनी दुकानदाराला फोन केला आणि चिठ्ठीवर मराठीत लिहून दिलं. तिसऱ्या आठवड्यात पोटॅशियम थोडं वाढलं, काही दिवस तपासण्या लवकर-लवकर केल्या आणि ते खाली आलं. तीन महिन्यांनी सोनोग्राफीत गाठी नव्हत्या.

जिवाणू नेमका त्या गाळातूनच आला का, हे सिद्ध झालेलं नाही. शेतातली माती तपासायचा विचार झाला होता, पण एका नमुन्यात तो सापडला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. पुरेसे नमुने, वेगवेगळ्या खोलीवरून, योग्य माध्यमावर करायचे तर ते वेगळंच काम आहे.

काय वेगळं करता आलं असतं

टायफॉइडची औषधं सुरू करण्याआधी एक रक्ताचं कल्चर झालं असतं तर महिना वाचला असता. तालुक्याच्या ठिकाणी हे अवघड आहे, मान्य. पण सीबीनॅट निगेटिव्ह आल्यावर, एकेटी सुरू करण्याआधी, पोटाची सोनोग्राफी आणि कल्चर करणं अवघड नव्हतं. मधुमेही माणसात फुप्फुसात डाग आणि प्लीहेत गाठी एकत्र दिसल्या की या रोगाचं नाव यादीत यायला हवं.

यंत्राच्या बाबतीत माझं मत थोडं कडक आहे. नॉन-फर्मेंटरचं नाव यंत्रानं दिलं तरी ऑक्सिडेज आणि त्या तीन डिस्का हातानं लावल्याशिवाय रिपोर्ट सही होऊ नये. खर्च नगण्य आहे आणि त्यासाठी मोठं शहर लागत नाही.

आमच्या चिठ्ठीत आता दोन रकाने वाढवले आहेत : ‘मधुमेह’ आणि ‘गेल्या दोन महिन्यांत चिखल किंवा पुराच्या पाण्यात काम’. निम्म्या चिठ्ठ्यांवर ते अजून रिकामेच येतात, मग फोन करावा लागतो. आणखी एक बदल केला. मागच्या पावसाळ्यांत आम्ही आणि इतरांनी ‘स्यूडोमोनास स्पीशीज’ म्हणून दिलेल्या रक्ताच्या आणि पुवाच्या कल्चरांत असं काही होतं का, हे पाहायचं ठरलं, पण प्लेट आठवड्यानं ऑटोक्लेव्ह (वाफेनं निर्जंतुक) होऊन गेल्या होत्या. आता शरीराच्या निर्जंतुक भागातून आलेला प्रत्येक नॉन-फर्मेंटर ग्लिसरॉलमध्ये घालून डीप फ्रीजरमध्ये ठेवला जातो.